भिंतीचे पंचांग

कोकणात घराला रंग काढण्याचा मुहूर्त पंचांगात छापलेला नसतो, तरीही तो प्रत्येकाला ठाऊक असतो. नारळी पौर्णिमा उलटली, शेतांतली बेणणी आटोपत आली आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या येण्याच्या तारखा कळू लागल्या, की गणपतीच्या आत घर ‘नीट’ झाले पाहिजे या एकाच फर्मानाखाली गावोगावच्या ओट्यांवर बालद्या, शिड्या आणि जुन्या धोतरांची फडकी जमा होऊ लागतात. आणि ज्या दिवसांत वर्षभराच्या तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाचा मोठा हिस्सा रत्नागिरीच्या कौलांवरून ओघळत असतो, नेमक्या त्याच दिवसांत, जून महिन्यापासून ज्यांनी सूर्याचे तोंड पाहिलेले नाही अशा भिंतींना माणसे मोठ्या भक्तिभावाने रंग लावावयास घेतात. घाटावर हे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, आणि तेथे निदान ऑक्टोबरचे ऊन तरी रंगाऱ्याच्या बाजूने साक्ष देते. कोकणातल्या भिंतीला तो आधार नाही.

हा शिरस्ता शुद्ध अविचाराचा आहे असे माझे मत पुष्कळ वर्षे होते. मत एक आणि वर्तन दुसरे ही गोष्ट आपल्याकडे नवी नसल्यामुळे, सहा वर्षांपूर्वी आमच्या वडिलार्जित घरातल्या माजघराची जांभ्याची एक भिंत वैशाखात खचली, ती नव्याने रचून तिच्यावर सिमेंटचा गिलावा आषाढाच्या तोंडाशी पुरा झाला, तेव्हा इतर चारचौघांप्रमाणेच मीही श्रावणात तालुक्याच्या गावाहून एक कंत्राटदार बोलावला आणि त्या भिंतीला आकाशी ऑइल पेंटचे दोन हात मारून घेतले. चतुर्थीच्या दिवशी समयांच्या प्रकाशात ती भिंत अशी काही झळकत होती की आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तिची तारीफ केली. नवरात्राचे घट बसेतो तिच्यावर सुपारीएवढे फोड उठले होते. फोड फुटले त्या ठिकाणी रंग वाळून पडावा तसा पडला नाही. तो मऊ झाला, बोट लावले तर बोटाला चिकटू लागला, आणि घरातल्या मंडळींनी ओल्या फडक्याने तो पुसण्याचा प्रयत्न केला तेव्हा फडक्याला चक्क फेस आला.

तो फेस साबणाचा होता, हे मला पुढे कळले. नव्या गिलाव्यातला चुना व सिमेंट हे तीव्र क्षारधर्मी असतात, आणि ऑइल पेंटाच्या अंगात जे तेल असते, मग ते जवसाचे असो की तेलापासून बनविलेली आधुनिक राळ असो, त्याची आणि क्षाराची ओलाव्याच्या मध्यस्थीने गाठ पडली की साबण तयार होतो. साबणाच्या कारखान्यात हेच घडवून आणतात, फरक इतकाच की तेथे ते कढईत घडते आणि आमच्या येथे ते माजघराच्या भिंतीवर घडले. म्हणजे मी बाजारभावाने रंग घेतला, मजुरी दिली, आणि गणपतीसमोर साबणाची भिंत उभी केली. कंत्राटदाराकडे जाबसाल केला तेव्हा त्याने पावसाकडे बोट दाखविले, आणि मी श्रावणात काम काढले होते ही गोष्ट खरी असल्यामुळे मला त्यावर बोलता आले नाही.

त्यानंतर पाच वर्षे ती भिंत आम्ही कधी साडीच्या पडद्याआड, कधी मखराच्या पाठीमागे झाकीत आलो. गेल्या श्रावणात मात्र गावातल्याच एका वयस्क रंगाऱ्याला, ज्यांना सारा गाव नुसते ‘मेस्त्री’ म्हणतो, मी घरी बोलावले. त्यांचे वडील चुन्याचे काम करीत; स्वतः मेस्त्रींनी उमेदीची वर्षे मुंबईला गिरणगावातल्या चाळी रंगविण्यात घालविली आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर ते गावी परतले. त्यांनी भिंत डोळ्यांनी फारशी पाहिली नाही. प्रथम तिच्यावर तळहात फिरविला आणि तळहात उजेडात धरून पाहिला, मग बोट थुंकीने ओले करून शेजारच्या जुन्या भिंतीवर घासले, कारण डिस्टेंपर असला तर तो ओल्या बोटाबरोबर निघून येतो आणि मुरलेला चुना सहसा येत नाही, शेवटी खिशातून खताच्या पिशवीचा हातभर तुकडा काढून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावल्या आणि म्हणाले, “उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तुकड्याच्या आतल्या बाजूस भाताच्या झाकणावर धरते तशी वाफ धरली होती.

“काका, हिला आता रंग नको.”

“अहो मेस्त्री, गणपती आलेत तोंडावर.”

“रंग गणपतीला मारायचाय की भिंतीला?”

यावर मी निरुत्तर झालो. पण मेस्त्रींनी काम नाकारले नव्हते. त्या एका भिंतीचा साबणी रंग पट्टीने मुळापर्यंत खरवडून ती उघडी ठेवायची, म्हणजे आत कोंडलेली ओल बाहेर पडावयास मोकळी होईल, आणि तिचा विचार पौषात करावयाचा. माजघराच्या व देवघराच्या ज्या बाकीच्या भिंतींवर पणजोबांच्या वेळचा चुन्याचा गिलावा आहे त्यांना मात्र चुना काढावयाचा, तो आत्ताच, भर पावसात. माझ्या चेहऱ्यावरचे आश्चर्य पाहून ते म्हणाले, “चुन्याला पाणी लागतंच. उन्हाळ्यात मारला तर आम्ही भिंत आधी शिंपायचो.”

या एका वाक्याने माझ्या मताची अर्धी इमारत ढासळली. चुन्याचे जे शास्त्र शाळेत कधीतरी शिकलो होतो ते सगळे या वाक्यात हजर होते. चुनखडी, किंवा आमच्या किनाऱ्यावर पूर्वी जळत ते कालवांचे शिंपले, भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविले की त्यांतला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून, तापून विरतो. आणि हा विरलेला चुना भिंतीवर पातळ थरात लावला म्हणजे तो हवेतला कर्बवायू पुन्हा शोषून घेऊन हळूहळू पूर्ववत चुनखडी होतो. भिंतीवर चुना वाळतो असे आपण म्हणतो खरे, परंतु वस्तुतः तो दगड होत असतो, आणि ही दगड होण्याची क्रिया ओलाव्यावाचून होत नाही. कडक उन्हात घाईने सुकलेला चुना भुकटी होऊन कपड्यांना लागतो, तर पावसाळी, सर्द हवेत लावलेला चुना भिंतीला धरून राहतो. शिवाय तो सच्छिद्र असतो, म्हणून भिंतीतली वाफ त्याच्यातून बाहेर पडते आणि फोड धरत नाहीत. आणि तो क्षारधर्मी असतो, म्हणून बुरशीला त्याच्यावर पाय रोवता येत नाही. सारांश, श्रावणात रंग काढण्याचा कोकणातला शिरस्ता ज्या काळात पडला त्या काळात तो सर्वथा शहाणपणाचा होता. पुढे भिंतीवरचा पदार्थ बदलला. शिरस्ता आपल्या जागी राहिला.

मेस्त्रींनी केलेले चुन्याचे काम मी तीन दिवस मांडी ठोकून पाहिले. चुना पिंपात आधीच विरवून ठेवला होता. त्यात सुमारे पाचपट पाणी घालून तो दिवसभर निवांत ठेवला, जाड्याभरड्या कापडातून गाळला, थोडा डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घातला, आणि नीळ चिमटीने, चवीला मीठ घालावे तशा जपणुकीने टाकली. ती जास्त झाली तर भिंत पांढरी न दिसता आजारी दिसते. ब्रश त्यांनी आणला नव्हता. परसातल्या केवड्याच्या पारंब्या ठेचून, त्यांचे तंतू सुटे करून बांधलेला कुंचला त्यांनी माझ्या देखत तयार केला आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. लावण्याची रीतही ठरलेली: एकदा वरून खाली, मग खालून वर, तो हात ओला आहे तोवरच डावीकडून उजवीकडे आणि लगेच उजवीकडून डावीकडे. हीच चौफेर फिरवणी पुढे सरकारी बांधकामाच्या नियमांतही मला जशीच्या तशी आढळली, तेव्हा एखादी जुनी वहिवाट दप्तरात रुजू झालेली पाहून होतो तसा आनंद झाला. पहिल्या हातानंतर भिंत इतकी मळकट दिसत होती की मी चिंतेत पडलो. ओला चुना पारदर्शक असतो. त्याचा शुभ्रपणा तो दगड होऊ लागला म्हणजे मग प्रकट होतो. तिसऱ्या हातानंतर दोन दिवसांनी देवघरात दिवा लावण्याची गरज पडेना.

माझ्या लहानपणी हा चुना घरोघर होता आणि मग तो कसा गेला, याचा इतिहास मोठा असला तरी त्याचा एक धागा आमच्याच माणसांच्या हातून गेलेला आहे. रंगाचे कारखाने या देशात पूर्वीच निघाले होते, १९०२ साली हावड्याला शालिमारचा, १९२० साली मुंबईत लोअर परळला आजच्या नेरोलॅकच्या पूर्वजाचा. परंतु १९४२ साली युद्धामुळे परदेशी रंगांची आयात अडली असता गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्सचा उद्योग आरंभिला, आणि गिरगाव म्हणजे कोकणी चाकरमान्यांचे दुसरे गावच. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी हातात रंगाची बालदी घेतलेला, कपाळावर झुलपे आलेला गट्टू काढला, तो पुढे दुकानादुकानांतून आणि डब्याडब्यांवरून साऱ्या देशाच्या परिचयाचा झाला. मुंबईच्या बोटीतून गणपतीला उतरणाऱ्या सामानात ट्रंका आणि मिठाईचे पुडे यांच्या जोडीला हे डबेही असत, हे मला स्वच्छ आठवते. ज्याच्या माजघरात खालचा तीन फूट पट्टा ऑइल पेंटचा, त्याचा मुलगा मुंबईत मार्गाला लागला असे गाव समजून घेई. डबा आणणारा सुट्टी घेऊन येई ती गणपतीची, म्हणून डबा उघडे तोही श्रावण-भाद्रपदात. चुन्याच्या मुहूर्तावर तेल आले ते असे.

पौषात मेस्त्री पुन्हा आले. खताच्या पिशवीचा तुकडा रात्रभर लावून पाहिला तेव्हा या खेपेस तो कोरडा निघाला आणि मगच उघड्या भिंतीच्या अस्तराची गोष्ट निघाली. ‘अस्तर’ हा शब्द मी वापरला. मेस्त्री प्रायमरच म्हणतात, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द आता शंभर नंबरी मराठी झालेला आहे. हा पदार्थ गिऱ्हाइकाला नेहमी अनाठायी खर्च वाटतो, कारण तो दिसावयाचा नसतो. पण भिंत आणि रंग यांचे मुळात पटत नाही. भिंत तहानलेली असते आणि जागोजाग कमीजास्त तहानलेली असते. रंगातले पाणी व चिकटा ती जेथे अधिक ओढून घेते तेथे रंगद्रव्य उघडे पडून चट्टे दिसतात. शिवाय तिच्या अंगावर धूळ असते, अंगात क्षार असतो. या दोघांत जो तह घडवून आणतो तो प्रायमर: तो भुकटी बांधून ठेवतो, तहान सारखी करतो आणि क्षाराला निदान पहिल्या काळात वर येऊ देत नाही. मेस्त्रींनी भिंत घासली, झाडली, ओल्या फडक्याने पुसली, वाळू दिली, क्षाराला दाद न देणारा पाण्यातला प्रायमर एक हात मारला, मगच पट्टीने पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोनदा ओढली, १८० नंबरच्या पॉलिशपेपरने ती घासली आणि पुन्हा एक हात प्रायमर दिला. हा दुसरा हात पुष्कळ ठिकाणी चोरला जातो. तो चोरला असला की पुट्टी भरलेल्या जागा संध्याकाळच्या तिरप्या उजेडात कपाळावरच्या वणासारख्या उमटतात. त्यानंतरचे पांढरट प्लास्टिक पेंटचे दोन हात रोलरने एका दिवसात उरकले, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

लाकडाचे काम मात्र मला रंगापेक्षा अधिक भावले. माजघराची चार दारे फणसाची आहेत, खिडक्यांची झडपे सागाची, आणि सर्वांवर तीन पिढ्यांचे रंग: वरती तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली एक विटकट निळा आणि तळाशी, लाकडाला लागून, फिकट गुलाबी. मी उत्साहाने कोरडेच खरवडू लागलो तेव्हा मेस्त्रींनी हातातली पट्टी काढून घेतली. तळाचा गुलाबी रंग हे जुने लाकडाचे अस्तर. सफेद्यात चिमूटभर शेंदूर घालून ते जवसाच्या तेलात कालवीत, आणि सफेदा काय, शेंदूर काय, दोन्ही शिशाचीच रूपे. आजचा लाकडाचा प्रायमर पुष्कळदा गुलाबीच विकला जातो. शिसे गेले तरी त्याने लावलेली सवय गेली नाही. घरात आतून सफेदा वापरू नये असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली जिनिव्हाला झाला होता. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अमलात आले. म्हणजे त्याआधीचा कोणताही जुना थर हा संशयित आरोपी धरूनच चालावे. त्याची धूळ मुलांच्या पोटात जाणे सर्वांत वाईट. म्हणून आम्ही नातवंडांना शेजारी धाडले, दारे अंगणात घेतली, पाणी मारून ओल्या पेपरनेच घासली, आणि निघालेला चिखल झाडाच्या अळ्यात न टाकता कागदात गुंडाळून बाजूला काढला.

शेंदराचे नाव निघाले म्हणून आठवले. आपल्याकडच्या देवांच्या अंगावर तेलात कालवलेल्या शेंदराचे हात वर्षानुवर्षे चढत राहतात, खालचा कधी खरवडला जात नाही, आणि मग केव्हातरी ते सारे कवच आपल्याच भाराने सुटते, किंवा सोडवावे लागते. सप्तशृंगगडावर २०२२ साली असे शतकांचे लेपन उतरविल्यावर देवीचे मूळ रूप लोकांनी पाहिले. दारांच्या चौकटींचेही असेच असते. प्रत्येक नवा हात वाळताना आकसतो आणि खालच्याला ओढतो. ज्या थराची पकड सर्वांत कच्ची तेथे सगळा डोलारा पोपड्यांनी सुटतो. म्हणूनच जेथे जुना रंग घट्ट होता तेथे मेस्त्रींनी तो फक्त खरखरीत केला, आणि जेथे नखाने उचलला गेला तेथेच लाकूड उघडे केले.

लाकडातल्या गाठींवर त्यांनी आधी स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख फिरविली, म्हणजे गाठीतला चीक वर येऊन डाग पडत नाही. मग प्रायमर, मग लांबी. जुनी माणसे तिला लुकण म्हणत. तयार डबा बाजारात मिळतो, परंतु मेस्त्रींनी फळीवर खडूच्या भुकटीचे आळे केले, त्यात जवसाचे तेल आणि थोडा ऑइल पेंट ओतला, आणि पोळ्यांची कणीक तिंबावी तसे ते तिंबू लागले; गोळा हाताला चिकटेना आणि दाबल्यावर कडेला चीर पडेना, तेव्हा ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. तेलाची फडकी मात्र त्यांनी एकेक करून दोरीवर पसरली. जवसाचे तेल नुसते उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन वाळते आणि वाळताना तापते. बोळा करून कोपऱ्यात फेकलेले फडके आपले आपण पेटते, हे त्यांनी मुंबईच्या एका चाळीत स्वतः पाहिलेले होते.

दार रंगविण्याची त्यांची तऱ्हा पाहण्यासारखी होती. आधी आतले पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. रंग थोडा घ्यायचा, आडवा पसरायचा, आणि ब्रश जवळजवळ कोरडा करून लाकडाच्या रेषेबरोबर वर ओढून सोडायचा, ओली कड वाळू न देता. तावदानाशी एक इंची ब्रश धरून त्यांनी काचेवर केसभर रंग मुद्दाम चढू दिला. मला ते गबाळेपण वाटले. “काचेच्या फटीतनं पाणी जातं, काका,” एवढेच ते म्हणाले. आणि सर्वांत शेवटी, दोन घोड्यांवर आडवी ठेवलेली दारे उलटी करून, त्यांनी दारांची खालची कड रंगविली, जी दार चौकटीत असताना ना दिसते ना ब्रशाला सापडते. पावसाळ्यात दारे फुगतात ती तेथून पाणी पिऊन. आमची दारे गेली साठ वर्षे दर आषाढात लाथ मारून बंद करावी लागत.

एक खिडकी मी स्वतः रंगविली. ती रंगविली तेही बऱ्यापैकी, असे मला अजून वाटते. पण दुपारी वाऱ्याने धूळ उडू लागली तेव्हा, रंग बोटाला लागत नाही एवढी खातरजमा करून, मी झडपे ओढून लावली. बोटाला न लागणे आणि आत कडक होणे यांत एक दिवसाचे अंतर असते. दुसऱ्या दिवशी झडप चौकटीला चिकटलेली होती. मेस्त्रींनी पातळ पट्टी घालून ती सोडविली, तेव्हा कडेचा वीतभर रंग चौकटीवरच राहिला. तेथे पुन्हा हात मारावयाचा राहून गेला.

यंदाच्या आषाढात माजघराची चारही दारे एका बोटाने लागत होती. उघडी ठेवलेली भिंत, चुन्याच्या भिंती, सगळे जागच्या जागी होते. ती एक खिडकी तेवढी त्या वीतभर उघड्या लाकडातून पाणी पिऊन अशी फुगली की गणपतीत ती ना उघडली ना लागली. मेस्त्रींना मी दोनदा निरोप धाडला. परवा त्यांचा उलटा निरोप आला आहे, की घाई काय आहे, दिवाळी होऊ दे, पौषात बघू.